पोटातील जिवाणू, त्यांचा चोथा आणि पाचक गोळ्या

पोट साफ होत नाही, गॅस होतो, जेवण अंगावर येते अशी तक्रार घेऊन आमच्या सांगलीत औषधांच्या दुकानात गेले, की प्रोबायोटिकची कॅप्सूल, इसबगोलचा डबा आणि अन्न पचवणाऱ्या एन्झाइमचे सिरप या तिन्ही वस्तू पुष्कळदा एकदमच हातात पडतात. या तिन्हींची कामे निराळी आहेत आणि त्यांत बहुतेकांना खरी उणीव चोथ्याची (फायबरची) असते, असे माझे ठाम मत आहे.

आपल्या पाचक रसांना जो चोथा पचवता येत नाही, त्यातील बराचसा मोठ्या आतड्यातील जिवाणू आंबवतात. त्यातून तयार होणाऱ्या ब्युटिरेट या आम्लावर आतड्याच्या अस्तरातील पेशींची बरीचशी ऊर्जा अवलंबून असते. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये प्रौढांसाठी दिवसाला किमान 25 ग्रॅम नैसर्गिक चोथा सुचवला आहे. जत, आटपाडी, माण, खटाव या कोरडवाहू तालुक्यांतील शाळूची भाकरी, मटकीची उसळ आणि हुलग्याचे माडगे या जेवणात तो आपोआप मिळत असे, आणि पाव, खारी, बिस्किटांनी त्याची जागा घेतली याची मला फार खंत वाटते. मात्र कित्येक वर्षे मऊ खाल्लेल्या पोटाला एका आठवड्यात कडधान्यांची सवय लागत नाही. कोरेगावच्या वाघ्या घेवड्यासारख्या कडधान्यांत रॅफिनोज गटातील शर्करा असतात, त्या लहान आतड्यात पचत नाहीत आणि पुढे जिवाणूंनी आंबवल्यावर गॅस होतो. म्हणून घेवडा रात्रभर भिजवून ते पाणी टाकून द्यावे, पूर्ण शिजवावा आणि प्रमाण हळूहळू वाढवावे. इसबगोल हाही चोथाच, पण तो पेलाभर पाण्यासोबतच घ्यावा, कारण कमी पाण्यात तो फुगून घशात किंवा आतड्यात अडकू शकतो.

पुरेशा प्रमाणात घेतल्यास आरोग्याला लाभ देणारे जिवंत सूक्ष्मजीव, अशी प्रोबायोटिकची व्याख्या आहे आणि तो लाभ जिवाणूच्या विशिष्ट वाणापुरताच (स्ट्रेनपुरताच) सिद्ध झालेला असतो. घरच्या विरजणातील वाण कोणते, हे ठरलेले नसल्याने दह्याला काटेकोर अर्थाने प्रोबायोटिक म्हणता येत नाही. तरीही दह्यातील जिवाणू दुधातील लॅक्टोज ही साखर पचवायला मदत करतात, त्यामुळे दूध न सोसणाऱ्या अनेकांना दही, ताक सोसते. ताकाची कढी उकळली किंवा आंबील शिजवली, की जिवाणू मरतात, चव आणि पोषण उरते. अमेरिकन गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजिकल असोसिएशनने 2020 मध्ये इरिटेबल बॉवेल सिंड्रोमसाठी (वारंवार पोट दुखणे आणि शौचाची सवय बिघडणे या विकारासाठी) प्रोबायोटिक केवळ वैद्यकीय चाचणीतच वापरावे असे म्हटले, हे महागडी कॅप्सूल महिनोन्महिने घेणाऱ्यांनी अवश्य लक्षात घ्यावे. प्रतिकारशक्ती फार कमी झालेल्या रुग्णाने तर ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये.

एन्झाइमची गरज त्याहून मोजक्यांना असते. स्वादुपिंडाच्या जुनाट दाहात एन्झाइम पुरेसे स्रवत नाहीत, मल तेलकट होतो, वजन घटते; तेव्हा डॉक्टर लिहून देतात ती कॅप्सूल जेवणासोबतच घ्यावी लागते, उपाशीपोटी तिचा उपयोग नाही. लॅक्टोज न पचणाऱ्यांना लॅक्टेज आणि कडधान्यांचा त्रास असणाऱ्यांना अल्फा-गॅलॅक्टोसिडेज हे एन्झाइम उपयोगी पडते. परंतु मलातून रक्त पडत असेल, कारणाशिवाय वजन उतरत असेल किंवा पन्नाशीनंतर शौचाची सवय अचानक बदलली असेल, तर सिरपची बाटली न उघडता आधी तपासणी करून घ्यावी.