कासेगावच्या बेदाणा शेडवर: कधी जावं, काय पाहावं, काय घ्यावं

पंढरपूरला येणारी बहुतेक मंडळी दर्शन घेऊन परतीची गाडी धरतात. हातात अर्धा दिवस असेल आणि महिना फेब्रुवारी-मार्चचा असेल, तर जवळच्या कासेगावला जाच. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना द्राक्षबागा आणि मधूनमधून बेदाणा वाळवायची, हिरव्या जाळीने झाकलेली लांबलचक शेड दिसू लागली की पोचलात म्हणून समजा.

आम्ही ओळखीतल्या एका कुटुंबाच्या शेतावर गेलो होतो. बाग त्यांची, शेड त्यांचं आणि तोडणीच्या मजुरांबरोबर राबणारी माणसंही घरचीच. थोरल्या काकांनी आम्हाला आधी टाकीपाशी नेलं, कारण सगळी करामत तिथे आहे. लिटरभर पाण्याला 25 ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि 15 मिली डिपिंग ऑइल (द्राक्षं बुडवण्यासाठीचं खास तेल), या हिशेबाने द्रावण करतात. त्यात क्रेटसकट घड बुडवायचे आणि काही मिनिटांत बाहेर काढायचे. बुडवण्याआधी मण्यावर पांढुरकी भुकटी दिसते, बाहेर आल्यावर तोच मणी काचेसारखा चकाकतो. द्राक्षाच्या सालीवर मेणाचा पातळ थर असतो. द्रावणामुळे त्यातून पाण्याला वाट मिळते, म्हणून एरवी रखडणारं वाळवणं दोन-अडीच आठवड्यांत उरकतं.

मग घड रॅकवर जातात. एकावर एक जाळीचे कप्पे, त्यावर घडांचा एकच थर. थेट ऊन लागलं की मणी तांबूस होतो, म्हणून सावली हवी; पण वारा मात्र आरपार खेळला पाहिजे. आपल्या सोलापूरच्या कोरड्या हवेला आपण एरवी नावं ठेवतो, इथे तीच कामाला येते. माल वाळला की रॅक हलवून खाली पाडतात, देठ काढतात, चाळून प्रतवारी करतात. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. द्राक्षात गोडी पुरेशी भरली नसेल तर हाच हिशेब बिघडतो, त्यामुळे तोडणीची घाई इथे कुणी करत नाही.

लांबट मण्याची सोनाका जात आपल्याच जिल्ह्यातली, नान्नज गावचे द्राक्ष बागायतदार नानासाहेब काळे यांनी शोधलेली. हे ठाऊक असलं की तो मणी हातात घेताना वेगळंच वाटतं.

आम्ही होतो तेव्हा दुपारी पश्चिमेला ढग दिसले. काकांचं बोलणं तिथेच थांबलं आणि सगळं घर ताडपत्र्या सोडायला धावलं. पाऊस आला नाही. पण ऑक्टोबरच्या छाटणीपासूनची मेहनत त्या कप्प्यांवर उघडी पडलेली असते, आणि ओल लागली की माल काळा पडून भाव कोसळतो. म्हणून सांगते, ढगाळ दिवशी कुणाच्या शेडवर पाहुणे म्हणून जाऊ नका.

जाण्याआधी ओळखीतून फोन करा. ही माणसांची शेतं आहेत, तिकीट काढून पाहायची जागा नव्हे. सकाळी लवकर पोचा, अकरानंतर ऊन सोसत नाही. टोपी आणि पाणी जवळ असू द्या, लहान मुलांना टाकीपासून लांब ठेवा. पंढरपूरहून कासेगावला एसटीने जाता येतं. रेल्वेने येणाऱ्यांनी कुर्डुवाडीला उतरून पंढरपूर गाठावं. चैत्री एकादशीच्या आसपास मात्र गर्दीत अडकाल.

विकत घेताना काकूंचं ऐका: "रंगावर जाऊ नका, खाऊन बघा की." हिरवागार, पिवळाधमक रंग टिकवायला गंधकाची धुरी देतात. धुरी न दिलेला बेदाणा तपकिरी दिसतो, पण मला त्याचीच चव जास्त भरीव लागली. मूठभर घेऊन घट्ट दाबा. मूठ उघडल्यावर मणी सुटे झाले तर माल नीट वाळलाय, गोळा राहिला तर ओल आहे. घरी आणल्यावर हवाबंद डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवा, बाहेर ठेवलात तर पावसाळ्यात चिकट होतो. आणि शेतावर घेताना भावाची घासाघीस करू नका.