खिडकी दिली म्हणजे बाजू दिली?

न्यूज चॅनलमध्ये माझं काम पाहुणे जमवण्याचं. चर्चेला स्टुडिओत कोण बसणार, लाइनवर कोण येणार, ऐनवेळी कोण गळणार, हे सगळं गेस्ट कोऑर्डिनेटरच्या डोक्यावर. लोकांना वाटतं आम्ही विरोधी बाजूला बोलावतच नाही. उलट, पडद्यावरची विरोधकांची चौकट, म्हणजे आमच्या भाषेत खिडकी, रिकामी राहिली तर पहिली बोलणी मला बसतात.

त्या संध्याकाळी विषय होता पाणीपट्टीवाढीचा. सत्ताधारी पक्षाचे प्रवक्ते स्टुडिओत, विरोधी पक्षाच्या प्रवक्त्या घरून मोबाइलवर. आरडाओरडा झाला, तो रोजच होतो. मग एका प्रेक्षकाची तक्रार आली की विरोधी बाजूला बोलूच दिलं नाही. आमच्या कायदा विभागाकडे उत्तर तयार होतं : ‘दोन्ही बाजूंना समान संधी देण्यात आली होती.’ माझ्याकडून त्यांना फक्त पाहुण्यांची यादी हवी होती. प्रक्षेपणाचं रेकॉर्डिंग ९० दिवस जपून ठेवावं लागतं, ते मी काढून घेतलं आणि हेडफोन लावून मोजायला बसलो.

मॅडमची खिडकी पडद्यावर ३८ मिनिटं दिसते. त्यांचा आवाज जेमतेम ९ मिनिटं आहे, समोरच्यांचा ११. कागदावर हे जवळपास सारखंच. पण कुणीही मध्ये न बोलता मॅडमना सलग मिळालेला सगळ्यात मोठा तुकडा २४ सेकंदांचा. समोरच्यांचा पावणेतीन मिनिटांचा.

हे का होतं, ते बाहेरून कळत नाही. मोबाइलवरच्या पाहुण्याला स्टुडिओतला आवाज दोन-तीन सेकंद उशिरा पोचतो. अँकरने ‘थांबा’ म्हटलं, तरी ते कानात पडेपर्यंत पाहुणा बोलतच असतो. प्रेक्षकाला तो हेकट वाटतो. त्यातच आवाज एकमेकांवर चढले की साउंडवाला लाइनचा फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची पट्टी, खाली ओढतो, कारण स्टुडिओतल्या कॉलर माइकचा आवाज स्वच्छ असतो. त्यात त्याचा दोष नाही, शो ऐकू येण्याजोगा ठेवणं हेच त्याचं काम. पण ओठ हलताहेत आणि आवाज नाही, असा माणूस खोटा वाटतो. स्टुडिओत कोणाला बसवायचं आणि लाइनवर कोणाला घ्यायचं, तिथेच अर्धी चर्चा ठरलेली असते.

उरलेली अर्धी पडद्याच्या तळाशी मजकूर दाखवणाऱ्या पट्टीवर. मॅडमच्या पक्षावर टँकरवाल्यांशी साटंलोटं असल्याचा आरोप पहिल्या दहा मिनिटांत झाला. लगेच त्याची पट्टी झाली, शेवटी प्रश्नचिन्ह लावून, म्हणजे उद्या कोर्टात ‘आम्ही फक्त विचारलं’ म्हणायची सोय. ती पट्टी दुसऱ्या ब्रेकपर्यंत हलली नाही. मॅडमना उत्तराची संधी मिळाली ती त्या ब्रेकनंतर. आरोप ऐकलेले किती जण तोवर टिकले असतील? त्यांच्या उत्तराची पट्टी झालीच नाही.

मी हे आकडे आउटपुटच्या, म्हणजे पडद्यावर काय जाणार ते ठरवणाऱ्या विभागाच्या, वरिष्ठांना दाखवले. ते म्हणाले, “अरे, खिडकी दिली ना? मग अजून काय द्यायचं?” माणूस वाईट नाही, पण मिनिटामिनिटाच्या टीआरपीकडे बघून बघून त्यांना चर्चेतलं दुसरं काही दिसेनासं झालंय.

विरोधी मत दाखवण्याची सक्ती कायद्यानेच करावी असं मला वर्षानुवर्षं वाटत आलंय. अमेरिकेत तसा नियम १९४९ पासून होता. १९६४ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या एका छोट्या रेडिओ स्टेशनवरून फ्रेड कुक या पत्रकारावर टीका झाली, त्याने उत्तरासाठी फुकट वेळ मागितला, स्टेशनने नाकारला. १९६९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने नियमाच्या बाजूने कौल दिला. तरी १९८७ मध्ये नियामकाने तो गुंडाळला. कारण दिलं की दुसऱ्या बाजूचं लचांड नको म्हणून स्टेशनं वादाचे विषयच टाळतात. न्यूजरूममध्ये वावरणाऱ्याला हे पटतं. सक्ती झाली तर आमचा पाणीपट्टीचा विषय सकाळच्या मीटिंगमध्येच कटेल आणि त्या जागी एखादं लग्न येईल.

दुसरी भीती मोठी आहे. ‘पुरेशी दुसरी बाजू’ म्हणजे किती, हे कोण ठरवणार? चॅनलची परवानगी ज्या मंत्रालयाच्या हातात, तेच? मीडिया वन या मल्याळम वाहिनीची परवानगी सरकारने अडवली, ती सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये परत मिळवून दिली. निवडणुकीत दूरदर्शन आणि आकाशवाणीवर मान्यताप्राप्त पक्षांना फुकट वेळ मिळतो, ही चांगलीच सोय आहे. पण भाषण आधी तपासून घ्यावं लागतं. २०२४ मध्ये माकप नेते सीताराम येचुरींच्या भाषणातले काही शब्द गाळायला लावले गेले. वेळ विरोधकाचा आणि कात्री सरकारी यंत्रणेची.

तरी ‘मग राहू दे, चॅनलला हवं ते करू दे’ इथवर मी येऊ शकत नाही. ते २४ सेकंद मी स्वतः मोजलेत. मला जवळचा वाटतो तो आपल्याच सर्वोच्च न्यायालयाचा १९९२ चा मनुभाई शाह निकाल. ग्राहक चळवळीतल्या मनुभाई शाहांनी एलआयसीवर टीका केली होती. एलआयसीने आपल्या मासिकात तिचा प्रतिवाद छापला आणि त्यावरचं शाहांचं उत्तर छापायला नकार दिला. कोर्टाने ते छापायला लावलं. एलआयसी सरकारी होती, खासगी चॅनलला तो निकाल तसाच लागू होत नाही, हे मला कळतं. पण त्यातलं तत्त्व आमच्या रनडाउनमध्ये, म्हणजे कार्यक्रमाच्या क्रमपत्रिकेत, बसतं : जिथे आरोप, तिथेच उत्तर. त्याच भागात, ब्रेकच्या आधी, एक सलग मिनिट, इतर सगळे माइक बंद ठेवून, आणि पट्टी आरोपाची असेल तर उत्तराचीही. कोणाचं मत योग्य, हे यात कुणालाच ठरवावं लागत नाही. घड्याळ आणि फेडर एवढंच तपासायचं, आणि ते कोणताही स्वतंत्र तक्रार मंच रेकॉर्डिंग लावून करू शकतो.

माझे आकडे मी कायदा विभागाला लेखी दिले. तक्रारदाराला गेलं ते ‘समान संधी’चंच उत्तर. वृत्तवाहिन्यांच्या स्वनियमन मंचाकडे जायची वाट त्यांना अजून मोकळी आहे आणि त्यांनी जावं असं मला मनापासून वाटतं. मॅडमना पुढच्या चर्चेसाठी फोन केला तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, “स्टुडिओत बसवणार असाल तर येते.” त्यांच्यासाठी गाडी मंजूर करा, असा मेल मी त्याच दुपारी टाकलाय, कारणासकट.