इकडे काय झाले?

श्रावणातल्या शुक्रवारी आजी जिवतीची कहाणी वाचायला बसली, की मी एका वाक्याची वाट पाहत असे. राणी सुईणीला फितवते, ब्राह्मणीचे बाळ नाहीसे होते, बाळाच्या जागी वरवंटा येतो, आणि रडणाऱ्या त्या आईला तिथेच सोडून आजी शांतपणे म्हणे, "इकडे काय झाले?" त्या एका 'इकडे'ने आम्ही सगळे झोपडीतून राजवाड्यात जाऊन पोहोचत असू. पुढे ती आई, माझे बाळ जिथे असेल तिथे खुशाल असो, असे म्हणून अक्षता टाकते आणि त्या दूर वाढणाऱ्या त्याच मुलाच्या डोक्यावर जाऊन पडतात. मधले अंतर त्या अक्षता कशा ओलांडतात, हे विचारण्याचे धैर्य मला कधी झाले नाही. कहाणीत शंका काढायची नसते, असा आमच्या घरचा नियम होता.

त्या अक्षतांची आठवण मला इतक्या वर्षांनी एका जपानी व्हिडिओ गेमने करून दिली. त्याचे नाव '४२८: शिबुया स्क्रॅम्बल'. चुनसॉफ्ट या कंपनीने तो २००८ साली जपानमध्ये आणला आणि तो इंग्रजीत यायला २०१८ साल उजाडले. जपानीत चार, दोन आणि आठ हे आकडे विशिष्ट रीतीने वाचले की 'शि-बु-या' असा उच्चार होतो, म्हणजे टोकियोतल्या एका गजबजलेल्या भागाचे नाव, आणि कथेचा दिवसही चौथ्या महिन्याची अठ्ठावीस तारीखच आहे. याला खेळ म्हणताना माझी जीभ अडखळते, कारण यात धावायचे नाही, उड्या मारायच्या नाहीत, नेम धरायचा नाही, फक्त वाचायचे आणि अधूनमधून पात्राने काय करावे त्याचा पर्याय निवडायचा. खऱ्या शिबुयात खऱ्या नटांना उभे करून काढलेली छायाचित्रे, त्यांच्यावर उमटत जाणारा मजकूर, मागे संगीत आणि आवाज, एवढाच सारा संसार. चुनसॉफ्टने या प्रकाराला 'साउंड नॉव्हेल' असे नाव दिले होते. १९९८ साली त्यांनीच 'माची' नावाची अशीच एक कथा याच शिबुयात घडवली होती.

सकाळचे दहा वाजले आहेत. आपल्या मृत धन्याची वर्षानुवर्षे स्टेशनावर वाट पाहणाऱ्या हाचिको कुत्र्याच्या पुतळ्यापाशी एक तरुणी हातात पेटी घेऊन उभी आहे. तिच्या जुळ्या बहिणीचे अपहरण झाले आहे आणि पेटीत खंडणी आहे. टोकियोत कोणाला भेटायचे असेल तर 'हाचिकोपाशी ये' असे सांगण्याची जुनी रीत आहे. त्यामुळे तिथे वाट पाहणाऱ्या शेकडो माणसांत ही वेगळी अशी उठूनही दिसत नाही. तिच्यावर दुरून नजर ठेवून असलेला तरुण पोलीस कानो हा आपला पहिला नायक. दुसरा आची, एकेकाळचा टोळीचा म्होरक्या, आता रस्त्यावरचा कचरा वेचणारा. तिसरा मिनोरीकावा, बुडायला आलेल्या जुन्या साहेबासाठी एका दिवसात अख्खे मासिक भरून द्यायला निघालेला तापट पत्रकार. चौथे ओसावा, म्हणजे त्या मुलींचे वडील, विषाणूंवरील औषधांचे संशोधक. आणि पाचवी तामा, मांजराच्या अवजड पोशाखात उभी राहून वजन उतरवण्याचे एक संशयास्पद पेय विकणारी. कथा रात्री आठपर्यंत चालते, आणि दर तासाच्या तक्त्यात या पाचांचे पाच रकाने शेजारी शेजारी मांडलेले असतात.

आता खरी गंमत सांगतो. आपण एकाच्या रकान्यातून सुखाने पुढे जात असतो आणि अचानक पडद्यावर पोलिसांची असते तशी आडवी पट्टी येते: आत येऊ नका. मागे वळून कितीही पर्याय उलटसुलट केले तरी ती हटत नाही. कारण तिची किल्ली दुसऱ्याच कोणाच्या मजकुरात, वेगळ्या रंगाने उठून दिसणाऱ्या एखाद्या शब्दात दडलेली असते. तो शब्द निवडला की आपण या माणसाच्या कथेतून त्या माणसाच्या कथेत जाऊन पडतो आणि अडलेली वाट मोकळी होते. आजीचा 'इकडे' मला इथे भेटला. फरक एवढाच, की आजी 'इकडे' कधी म्हणायचे ते स्वतः ठरवत असे आणि इथे ती जागा मला शोधून काढावी लागत होती.

याहून अवघड असते ती अकाली येणारी वाईट अखेर. एखाद्याचा शेवट होतो आणि त्याची स्वतःची काही चूक सापडत नाही. शोधत गेले तर कळते, की त्याच तासात, दोन गल्ल्या पलीकडे, दुसऱ्या कोणीतरी थांबायचे की निघायचे यांतला एक अगदी किरकोळ निर्णय घेतला होता, आणि तो मीच त्याला घ्यायला लावला होता. ओसावा दिवसाचा बराच भाग घरातच काढतात. दोन संध्याकाळी मी त्यांनाच दोष देत होतो. गृहस्थ पुरेसे बोलत नाहीत, भित्रे आहेत, असे माझे मत पक्के होत चालले होते. तिसऱ्या संध्याकाळी दुसऱ्याच रकान्यातली एक निवड बदलली आणि त्यांचा तास बिनबोभाट पार पडला. मला त्यांची मनोमन क्षमा मागावीशी वाटली.

या वाईट अखेरी मात्र पुष्कळदा इतक्या मिश्कील आहेत, की मी काही मुद्दाम गाठल्या. उलट संध्याकाळ होऊ लागते तसा विषाणू आणि कटकारस्थानांचा भाग वाढतो आणि सकाळचा मोकळेपणा थोडा हरवतो, असे माझे मत आहे. मिनोरीकावाची मासिकाची पाने भरण्याची धडपड मला साऱ्या गुप्त कटांपेक्षा अधिक थरारक वाटली. ज्याने ऐन वेळी दिवाळी अंकाला लेख दिला आहे, त्याला याचे कारण सांगायला नको.

कहाणीच्या शेवटी आजी म्हणे, "ही साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण." पाच नायकांचा शेवट गाठल्यावर मी ते वाक्य मोठ्याने म्हटले आणि घरच्यांनी विचित्र नजरेने माझ्याकडे पाहिले. नंतर मी पुन्हा सकाळच्या दहाला गेलो. पेटी घेतलेली ती मुलगी तशीच उभी होती. या वेळी मजकूर न वाचता मी केवळ चित्रातल्या गर्दीकडे पाहत राहिलो. मागे धूसर झालेली कितीतरी माणसे रस्ता ओलांडत होती, आणि तक्त्यात त्यांच्यापैकी कोणाचाच रकाना नव्हता.