शांतीच्या प्रार्थनेत न्यायाचे नाव

चर्चमधील उपासनेच्या शेवटी इतरांसाठी होणाऱ्या मध्यस्थीच्या प्रार्थनेत "युद्धाने होरपळलेल्या देशांना शांती लाभो" हे वाक्य आपण इतक्या सवयीने म्हणतो की ते उच्चारताना कोणाचाही चेहरा डोळ्यांसमोर येत नाही. गेली काही वर्षे पॅलेस्टाईनसाठी नेमाने प्रार्थना करत असताना मला या वाक्याची अडचण वाटू लागली आहे. त्यात कोण मारतो आहे, कोण मरतो आहे, कोणाची जमीन गेली आहे, यांपैकी कशाचाही उच्चार नाही. तेथील ख्रिस्ती बांधवांनी आपल्याकडे मागितलेली प्रार्थना अशी नाही, ती याहून अधिक नेमकी आणि म्हणूनच अधिक कठीण आहे.

डिसेंबर २००९ मध्ये पॅलेस्टिनी ख्रिस्ती नेत्यांनी बेथलेहेम येथून 'कैरोस पॅलेस्टाईन' हे निवेदन जगभरातील मंडळ्यांसाठी प्रसिद्ध केले. जेरुसलेमचे निवृत्त लॅटिन पॅट्रिआर्क, म्हणजे तेथील रोमन कॅथोलिकांचे माजी प्रमुख, मिशेल सब्बाह यांच्यासारखे ज्येष्ठ धर्मगुरू त्यामागे होते. पॅलेस्टिनी भूमीवरील इस्राएलचा लष्करी ताबा हे देवाविरुद्ध आणि मानवाविरुद्ध पाप आहे, असे या निवेदनात स्पष्ट म्हटले आहे. तरीही ते द्वेषाचे पत्रक नाही. प्रतिकार करायचा तो प्रेमाच्या रीतीने, शत्रूमध्येही देवाची प्रतिमा पाहून, आणि त्या प्रेमापोटीच त्याला अन्यायापासून रोखायचे, हा त्याचा गाभा आहे. विश्वास, आशा आणि प्रीती या तीन शब्दांवर ते उभे आहे. जे लोक तपासणी नाक्यांवर तासन्‌तास ताटकळत होते त्यांनी हे लिहिले, हे लक्षात ठेवून ते वाचावे.

गाझामध्ये ख्रिस्ती लोक फार थोडे, युद्धापूर्वी हजाराच्या आसपास होते. १९ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री संत पोर्फिरियस यांच्या प्राचीन ऑर्थोडॉक्स चर्चच्या आवारातील इमारतीवर इस्राएली हवाई हल्ला झाला आणि आसऱ्याला आलेली कुटुंबे ढिगाऱ्याखाली गेली. जवळच्याच पवित्र कुटुंब चर्चमध्ये शेकडो लोक राहत होते. त्यांना पोप फ्रान्सिस जवळजवळ रोज संध्याकाळी दूरध्वनी करत. आज काय जेवलात, मुले कशी आहेत, असे ते विचारत आणि आशीर्वाद देऊन बोलणे संपवत. निधनाच्या दोन दिवस आधीही, एप्रिल २०२५ मध्ये, त्यांनी हा दूरध्वनी केला होता. एवढ्या मोठ्या पदावरील आजारी वृद्ध माणूस एका छोट्या धर्मग्रामाची रोज विचारपूस करतो, याहून नेमकी मध्यस्थी मला दाखवता येणार नाही. त्याच चर्चवर जुलै २०२५ मध्ये तोफगोळा पडला. तिघांचा मृत्यू झाला आणि तेथील धर्मगुरू फादर गाब्रिएल रोमानेली जखमी झाले.

२०२३ च्या नाताळात बेथलेहेममधील सार्वजनिक सोहळे रद्द झाले. तेथील लुथरन चर्चमध्ये पाळक मुन्थर इसाक यांच्या मंडळीने गव्हाणीऐवजी काँक्रीटचे फुटके तुकडे रचले आणि त्यांच्यामध्ये बाळ येशूची मूर्ती काळ्यापांढऱ्या केफियेत, म्हणजे पॅलेस्टिनी रुमालात, गुंडाळून ठेवली. देव या दुःखात कोठे आहे, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी त्या ढिगाऱ्याकडे बोट दाखवून दिले. मला तो बायबलला सर्वांत धरून असलेला नाताळचा देखावा वाटतो, कारण येशूचा जन्मही परकीय सत्तेखाली, आईबाप शिरगणतीच्या हुकुमामुळे वाटेवर असताना झाला, आणि पुढे त्याच कुटुंबाला बालहत्येच्या भीतीने मिसरात (इजिप्तमध्ये) पळावे लागले.

काही ख्रिस्ती लोक जुन्या करारातील वचने पुढे करून पॅलेस्टिनींची बेदखली हीच देवाची योजना असल्याचे सांगतात. मला हे मान्य नाही. शांती नसताना "शांती, शांती" म्हणणाऱ्यांना संदेष्टा यिर्मयाने ठणकावले, संदेष्टा यशयाने शांतीला नीतिमत्त्वाचे फळ म्हटले आणि ८५ व्या स्तोत्रात नीती व शांती एकमेकींचे चुंबन घेतात. जेरुसलेमच्या शांतीसाठी प्रार्थना करा, हे १२२ व्या स्तोत्राचे वचन त्या नगरात राहणाऱ्या प्रत्येकासाठी आहे. येशू ते नगर पाहून रडला, तेव्हा शांतीच्या गोष्टी या नगराला कळल्या असत्या तर, असे तो म्हणाला होता.

याच कारणाने प्रार्थनेतून ७ ऑक्टोबर २०२३ चे बळी वगळता येत नाहीत. हमासने त्या दिवशी सुमारे १,२०० लोकांना ठार केले आणि सुमारे २५० जणांना ओलीस नेले. त्यानंतर काही दिवसांतच जेरुसलेमचे लॅटिन पॅट्रिआर्क कार्डिनल पिझ्झाबाल्ला यांनी ओलीस मुलांच्या बदल्यात स्वतःला देण्याची तयारी दाखवली. यहुद्यांचा ख्रिस्ती समाजाने शतकानुशतके केलेला छळही आपण विसरता कामा नये, कारण पॅलेस्टिनींच्या नावाने तो द्वेष पुन्हा डोके वर काढू शकतो. पण हे सर्व मान्य केल्याने गाझातील उपासमार आणि हजारो मुलांचे मृत्यू यांचे वजन तिळमात्र कमी होत नाही, आणि दोन्ही बाजू सारख्याच आहेत असेही ठरत नाही.

मी सध्या जी प्रार्थना करतो ती येथे देतो:

"हे प्रभू, गाझातील आई आपल्या मुलाला शोधत आहे, तिच्याजवळ उभा राहा. ओलीस ठेवलेल्यांच्या आणि खटल्यावाचून तुरुंगात डांबलेल्यांच्या घरच्यांचे अश्रू पुस. शस्त्रे देणाऱ्यांचे आणि विकणाऱ्यांचे हात आखड. ज्यांची घरे व जैतुनाची झाडे गेली, त्यांना ती परत मिळोत. आमच्या मौनाची क्षमा कर आणि आम्हांला सत्य बोलायला लाव. आमेन."

ऑक्टोबर २०२५ मध्ये युद्धविराम झाला, तेव्हा अनेक ठिकाणी ही प्रार्थना थांबली, याचे मला दुःख वाटते. युद्धविराम होणे ही देवाची मोठी कृपा आहे, पण वेस्ट बँकमध्ये इस्राएलने उभारलेली विभाजक भिंत त्यामुळे हललेली नाही. बेथलेहेमजवळच्या बेत जाला गावचे ख्रिस्ती शेतकरी क्रेमिसान खोऱ्यातील आपली जमीन या भिंतीमुळे जाऊ नये म्हणून वर्षानुवर्षे दर शुक्रवारी जैतुनाच्या झाडांखाली मिस्सा (कॅथोलिकांची मुख्य उपासना) अर्पण करत आले. एकीकडे त्यांचा न्यायालयीन लढा चालू होता, तरी २०१५ मध्ये बुलडोझर आले आणि जुनी झाडे उपटली गेली. न्यायालयाची पायरी आणि वेदी या दोन्हींवर त्यांनी एकच मागणे ठेवले, हे मला फार मोलाचे वाटते.

जेरुसलेममधील सबील ही ख्रिस्ती संस्था दर आठवड्याला त्या त्या वेळच्या घटनांवर आधारित प्रार्थना जगभर पाठवते. त्यात गावांची नावे असतात, पाडलेल्या घरांचा उल्लेख असतो आणि इतर देशांतील संकटांसाठीही विनंती असते. गुरुवारी दुपारी जेरुसलेममध्ये ती प्रार्थना होते आणि वेगवेगळ्या देशांतील लोक आपापल्या दुपारी तिला जोडले जातात. मंडळीची मध्यस्थीची प्रार्थना लिहिण्याचे काम ज्यांच्याकडे आहे, त्यांनी येत्या रविवारी त्यातील निदान एका गावाचे नाव आपल्या प्रार्थनेत घ्यावे, अशी माझी विनंती आहे.