महापेतला तोतया

शनिवारी रात्री उशिरा सर्व्हर रीस्टार्टला टाकला आणि तो उठेचना. धाडकन पडला असता तर परवडलं असतं. पडलेला सर्व्हर लॉगमध्ये, म्हणजे नोंदींच्या फाइलीत, काहीतरी रडगाणं लिहून ठेवतो. इथे प्रोसेस जिवंत, मेमरी भरपूर, सीपीयूला काम नाही, आणि लॉग मात्र एका ओळीवर येऊन थांबलेला.

ही 2023च्या पावसाळ्यातली गोष्ट. नवी मुंबईतल्या एका पतसंस्थेचं वेब ॲप्लिकेशन होतं, त्याखाली पैसे मोजून घेतलेला जावा ॲप्लिकेशन सर्व्हर, म्हणजे असं ॲप्लिकेशन चालवणारं सॉफ्टवेअर. संस्थेचं नाव नको आणि सर्व्हर बनवणाऱ्या कंपनीचंही नको. इतकी वर्षं हा सगळा संसार संस्थेच्याच ऑफिसात एका जुन्या मशिनवर चालत होता. त्या आठवड्यात त्याचं जसंच्या तसं व्हर्च्युअल मशीन (सॉफ्टवेअरने उभं केलेलं मशीन) करून महापे एमआयडीसीतल्या डेटा सेंटरला हलवलं होतं. सोमवारी सकाळी शाखा उघडायच्या आत ते चालू करून द्यायचं होतं.

सपोर्टचा करार होता, म्हणून सगळ्यात वरच्या गंभीरतेचं तिकीट टाकलं. त्यांनी त्यांची माहिती गोळा करणारी स्क्रिप्ट चालवायला सांगितली, आम्ही फाइल पाठवली आणि चहा मागवला. उत्तर आलं ते असं: तुमची ऑपरेटिंग सिस्टिम सेंटओएस आहे, ती आमच्या प्रमाणित यादीत नाही. यादीतल्या सिस्टिमवर हाच दोष दाखवा, मग पुढे बघू.

आम्ही चक्रावलो. लॉगिन केल्यावर समोर ढळढळीत 'रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स 7' हे रेड हॅट कंपनीच्या सबस्क्रिप्शनवाल्या लिनक्सचं नाव दिसत होतं, आणि तेच आम्ही तिकिटात लिहिलं होतं. मग पॅकेजांची यादी काढली. रेड हॅटचं रिलीज पॅकेज, म्हणजे सिस्टिमचं नाव सांगणारं पॅकेज, त्यात नव्हतंच, सेंटओएसचं होतं. पॅकेजांचा हिशेब ठेवणाऱ्या आरपीएमला पडताळणी करायला सांगितल्यावर त्याने सरळ सांगितलं की रिलीज फाइल पॅकेजमधून आली तशी राहिलेली नाही. आकारही वेगळा, चेकसमही (फाइलच्या मजकुरावरून काढलेला ठसा) वेगळा. फाइल बदलल्याची तारीख कित्येक वर्षं जुनी, वेळ मध्यरात्रीची. त्याच रात्रीचा ॲप्लिकेशन सर्व्हरच्या इन्स्टॉलरचा लॉगही डिस्कवर पडून होता. पहिल्या फेरीत 'ऑपरेटिंग सिस्टिमची तपासणी: नापास'. थोड्याच मिनिटांनी दुसरी फेरी: 'पास'.

पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून मिरवणाऱ्या तोतयासारखं हे मशीन इतकी वर्षं रेड हॅट म्हणून मिरवत होतं. फरक एवढाच, की ज्याने हे केलं त्याला मी तांत्रिकदृष्ट्या चूक म्हणू शकत नाही. सेंटओएस म्हणजे रेड हॅटचाच जाहीर केलेला सोर्स, नाव आणि चिन्हं काढून पुन्हा बांधलेला. 2014पासून तर तो प्रकल्प रेड हॅटच्याच पंखाखाली होता. ॲप्लिकेशन सर्व्हरला दोघांतला फरक कळण्याचं कारण नाही. सबस्क्रिप्शनचे पैसे मंजूर झाले नसतील, इन्स्टॉलर अडून बसला असेल, कुणीतरी एक ओळ बदलून घरी गेला असेल. आमच्या धंद्यात हे अनेकांनी केलंय. फक्त सपोर्टचं वार्षिक बिल संस्था नेमाने भरत होती आणि त्या बिलाच्या बदल्यात तिला काहीही मिळणार नव्हतं, हे कुणाला ठाऊक नव्हतं.

संस्थेचे आयटीचे साहेब फोनवर म्हणाले, "अहो, पण इतकी वर्षं चाललंय ना ते!"

चाललं होतं खरं. आता ते का चालेना हे आमचं आम्हालाच शोधायचं होतं. थ्रेड डंप काढला, म्हणजे प्रोसेसमधला प्रत्येक धागा कुठे थांबलाय त्याचं चित्र. मुख्य थ्रेड सिक्युअररँडम या जावाच्या यादृच्छिक आकडे बनवणाऱ्या भागात अडकलेला, बी (सुरुवातीचा आकडा) मिळवण्यासाठी लिनक्सच्या गाभ्याची, म्हणजे कर्नलची, डेव्ह-रँडम ही फाइल वाचत बसलेला. सुरक्षित सेशन क्रमांक तयार करायला जावाला यादृच्छिक आकडे लागतात, आणि कर्नल ते हार्डवेअरच्या हालचालींतून गोळा करतो: कीबोर्ड, डिस्क, इंटरप्ट. 3.10च्या त्या कर्नलमध्ये साठा संपला की डेव्ह-रँडम वाचणाऱ्याला ताटकळत ठेवतो. जुन्या मशिनवर फिरत्या डिस्कची खडखड होती, साठा भरत राहायचा. नव्या व्हर्च्युअल मशिनवर सगळं सामसूम. कर्नलकडचा एंट्रॉपीचा, म्हणजे जमलेल्या यादृच्छिकतेचा, आकडा पाहिला तर साठा जवळजवळ रिकामा.

माझा जोडीदार म्हणाला, "थांब, गंमत बघ." त्याने व्हर्च्युअल मशिनचा कन्सोल उघडला आणि कीबोर्डवर दोन्ही हातांनी तबला वाजवल्यासारखी बोटं आपटायला लागला. लॉग एक ओळ पुढे सरकला. तो थांबला की लॉगही थांबे. शेजारच्या टेबलावरचा नेटवर्कवाला उठून बघायला आला. माझ्या नोकरीत सर्व्हर असा वाजवून उठवलेला मी तेवढाच पाहिला.

पक्का इलाज त्याहून साधा होता. जावाच्या स्टार्टअपच्या ओळीत, ताटकळत न ठेवणाऱ्या डेव्ह-यूरँडमकडे बोट दाखवलं, रँडमला खुराक देणारी एक सेवाही बसवली. पुढचा रीस्टार्ट सुरळीत. रीतसर लायसन्सच्या रेड हॅट 7वरही हे असंच घडलं असतं, म्हणजे दोष तोतयेगिरीचा नव्हताच. पण सपोर्टवाल्याने तो बघायला नकार दिला तो तिच्यामुळेच, आणि करार वाचला तर त्याचंही चुकलं म्हणता येत नाही.

रविवारी ट्रान्स हार्बर लोकलवर मेगाब्लॉक. ठाण्याला घरी जायला रिक्षावाल्याने पावसाचे वेगळे पैसे घेतले.

अहवाल लिहिताना साहेबांनी हळूच विचारलं, त्या फाइलचं लिहायलाच हवं का? लिहिलं. ज्याने केलं त्याचं नाव लॉगमध्ये नव्हतं, आणि असतं तरी मी घातलं नसतं. संचालक मंडळाने अहवाल 'नोंद घेतली' म्हणून बाजूला ठेवला. त्यांना हलवलं ते तारखेने. सेंटओएस 7ची मुदत 30 जून 2024ला संपणार, नंतर सुरक्षेचे पॅच नाहीत, असं ऑडिटरनेही लिहिल्यावर पैसे मंजूर झाले.

मुदतीच्या आधी नवीन मशिनवर रीतसर रेड हॅट 9 बसवलं. इन्स्टॉलरची तपासणी पहिल्याच फेरीत पास. तिथला कर्नल 5.14, लिनक्स 5.6पासून डेव्ह-रँडम असं ताटकळत ठेवत नाही, त्यामुळे यूरँडमवाल्या ओळीची गरज उरली नव्हती. ती काढतो म्हटलं तर साहेब म्हणाले, "राहू द्या हो. चालतंय ना?"