भूल उतरतानाची काही मिनिटे
आज चार वर्षांच्या एका मुलाची टॉन्सिलची शस्त्रक्रिया होती. सेव्होफ्लुरेन या श्वासातून देण्याच्या औषधाची भूल झपाट्याने उतरते आणि २ ते ५ वर्षांची मुले अशा वेळी आईलाही न ओळखता, हातपाय झाडत, सलाईन ओढत आक्रोश करू शकतात, म्हणून शस्त्रक्रिया संपता संपता मी जाग शांतपणे यावी यासाठी प्रोपोफॉल या शिरेतून देण्याच्या गुंगीच्या औषधाचा छोटा डोस, प्रति किलो १ मिलिग्रॅम, सावकाश दिला. वेदनाशामक आधीच दिले होते, कारण दुखणे आणि हा गोंधळ वरवर सारखेच दिसतात. डेक्समेडेटोमिडिन हे दुसरे गुंगीचे औषधही उपयोगी पडते, मात्र त्याने नाडी मंदावते. आईला आधीच रिकव्हरीत, म्हणजे शस्त्रक्रियेनंतर शुद्धीवर येईपर्यंत ठेवतात त्या खोलीत, बोलावून ठेवले होते. मुलाने डोळे उघडले, तिच्या नजरेला नजर दिली, तिचे बोट मुठीत धरले आणि तो पुन्हा झोपी गेला. ती नजर स्थिरावेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो.