खग्रास, गच्चीवरून

८ सप्टेंबर २०२५, सोमवार
रात्रीचे पावणेदोन

चंद्रग्रहण सुटलं. १:२७ला मोक्ष होता, म्हणजे चंद्र गडद सावलीतून पूर्ण बाहेर आला. उपच्छाया, म्हणजे बाहेरची फिकट सावली, अजून अडीचपर्यंत चालेल, पण तेवढ्यासाठी जागण्यात अर्थ नाही, डोळ्यांना त्यातलं फारसं काही कळत नाही. सकाळी ऑफिस आहे, तरी आत्ताच लिहून काढते. उद्यापर्यंत थांबले तर मी पाहिलेल्या रंगात फोटोंचे रंग मिसळतील. ते फोनवर यायला लागलेच आहेत. एकजात लालभडक, कडक. माझा चंद्र यातल्या एकाही फोटोत नाही.

सुरुवात कंटाळवाणी असते, हे कुणी आधी सांगत नाही. ८:५८ला उपच्छाया लागली आणि पुढचा अर्धा तास चंद्र रोजच्यासारखाच दिसत होता. आई मधूनमधून गॅलरीत डोकावून "लागलं का गं?" विचारून जायची. साडेनऊनंतर कधीतरी डावी कड किंचित मळकट वाटायला लागली. वाटायला लागली असंच म्हणते, कारण तेव्हा कुणी पैज लावली असती तर मी हरले असते. ९:५७ला स्पर्श झाला, म्हणजे गडद सावली चंद्राला लागली, तेव्हा मात्र शंकाच उरली नाही. डावीकडे जरा खालच्या अंगाला चंद्राचा एक तुकडा सरळ नाहीसा व्हायला लागला.

घरून ग्रहण बघायचं तर खरी अडचण ढगांची नसते, स्लॅबची असते. पौर्णिमेचा चंद्र ऐन मध्यरात्रीला सर्वात उंच जातो, आणि ग्रहण तर पौर्णिमेलाच. या वेळी ते मध्यरात्रीच्या सुमारास होतं, म्हणजे बघण्यासारखं सगळं नेमकं तो डोक्याच्या दिशेनं चढत असताना घडणार. दहा-सव्वादहापर्यंत वरच्या मजल्याची गॅलरी आड आली. कठड्यावरून पाठ वाकवून बघत होते, तर आई म्हणाली, "पडशील, चल वर." मग खुर्ची, सतरंजी, वही आणि बायनॉक्युलर घेऊन गच्ची गाठली.

सावलीची कड गोल असते, हे शाळेपासून माहीत आहे. त्यावरून पृथ्वी गोल आहे असं ॲरिस्टॉटलने म्हटलं होतं, हेही. पण ती कड इतकी अस्पष्ट असेल असं वाटलं नव्हतं. अमुक ठिकाणी सावली सुरू होते, असं बोट ठेवून सांगताच येत नाही. सूर्य काही बिंदू नाही, शिवाय मधे आपलं वातावरण. या वातावरणामुळे सावली पृथ्वीच्या नुसत्या गोळ्याची पडावी त्यापेक्षा साधारण दोन टक्के मोठीच पडते.

तिथे बसल्या बसल्या एक हिशेब करून पाहिला. स्पर्श ९:५७ला, संमीलन, म्हणजे चंद्र पूर्ण सावलीत, ११:०१ला. म्हणजे सावलीच्या कडेला चंद्राची एक रुंदी गिळायला ६४ मिनिटं लागली. चंद्राची जी कड आधी आत शिरली, ती उन्मीलनाला, म्हणजे खग्रास संपताना, १२:२३ला, पलीकडून बाहेर पडणार. म्हणजे सावली ओलांडायला तिला १४६ मिनिटं. १४६ भागिले ६४, सुमारे २.३. पृथ्वीची सावली तिथे, इतक्या लांबवर, निदान सव्वादोन चंद्र तरी रुंद आहे. 'निदान' अशासाठी की या वेळी चंद्र सावलीच्या मधोमध गेला नाही, थोडा दक्षिणेकडून गेला, म्हणून वाट आखूड पडली. मधोमध गेला असता तर हा आकडा २.७च्या घरात आला असता. सावली निमुळती होत जाते ती सूर्याच्या कोनीय रुंदीच्या हिशेबाने. सूर्य आणि चंद्र आपल्याला सारखेच, अर्ध्या अंशाचे, दिसतात. म्हणजे चंद्रापर्यंत पोचेस्तोवर सावली जवळपास एका चंद्राएवढी आटलेली असते. तो एक चंद्र परत मिळवला की ३.७. पृथ्वीचा व्यास चंद्राच्या पावणेचारपटीला थोडा कमी, पुस्तकातही हेच असतं. ग्रीक खगोलज्ञ ॲरिस्टार्कसने सव्वादोन हजार वर्षांपूर्वी सावली दोन चंद्रांएवढी धरली होती. त्याच्यानंतरच्या हिप्पार्कसने ती अडीच केली. त्यांच्याकडे आजच्यासारखं घड्याळ नव्हतं. माझ्याकडे फोन होता आणि भागाकार होता, एवढ्यावर पृथ्वी मोजता आली, याचं मला अजून अप्रूप वाटतंय. आईला वही दाखवली. ती म्हणाली, "बरं. लाल कधी होणार?"

लाल झाला, पण फोटोतला लाल नाही. अकरा वाजता शेवटची पांढरी रेघ पुसली गेली आणि मागे जे उरलं त्याला आई एका शब्दात म्हणाली, "गंजलाय." मला तेच बरोबर वाटतं. वरची डावी बाजू तपकिरीतून जवळपास काळ्यात गेलेली, खालची कड त्यातल्या त्यात उजळ, विटकरी. दक्षिणेकडून गेल्यामुळे चंद्राची उत्तर बाजू सावलीच्या गाभ्याजवळ होती, म्हणून हा फरक. सावलीत असूनही तो दिसतो, कारण पृथ्वीच्या कडेने वातावरणातून वाकलेला सूर्यप्रकाश आत पोचतो. वाटेत निळा विखरून जातो, तांबडा उरतो. त्या घटकेला पृथ्वीवर जिथे जिथे सूर्य उगवत किंवा मावळत होता, तिथला उजेड गच्चीवरून आम्ही चंद्रावर बघत होतो. संमीलनाच्या जरा आधी बायनॉक्युलरमधून एक निळसर पट्टा दिसला, सावलीच्या कडेलगत, अगदी बारीक. तो ओझोनमुळे. वरच्या थरातून जाणाऱ्या किरणांतला तांबडा ओझोन शोषून घेतो. नुसत्या डोळ्यांना तो अजिबात दिसला नाही. आईला बायनॉक्युलर दिली तोवर गेला होता.

आणखी एक गोष्ट. रोजचा पौर्णिमेचा चंद्र चपटा दिसतो, कापून चिकटवल्यासारखा. खग्रासमध्ये तो गोळा दिसायला लागला. अधांतरी आहे, मागे पोकळी आहे, हे डोळ्यांना पटायला लागलं.

पण खरं सांगायचं तर अर्ध्या तासानंतर मी चंद्राकडे फारसं बघतच नव्हते. बघण्यासारखं होतं ते बाकीचं आकाश. पौर्णिमेच्या रात्री तारे नसतात, हे आपण इतकं धरून चालतो की वर बघतही नाही. दहा वाजता चंद्राच्या आसपास काही म्हणता काही नव्हतं. सव्वाअकराला खाली डावीकडे शनी स्पष्ट होता, खाली फोमलहॉट हा तारा एकटाच, आणि चंद्राच्या वर भाद्रपदांचा, म्हणजे पूर्वा आणि उत्तरा भाद्रपदा नक्षत्रांचा, मोठा चौकोन, चारही तारे जागच्या जागी. भाद्रपदाची पौर्णिमा आणि चंद्र भाद्रपदांच्या पायाशी, हे मी आजवर फक्त वाचलं होतं. ज्या रात्री त्यानं तिथे असायचं त्याच रात्री त्याच्या उजेडात ते तारे बुडालेले असतात, मग दिसणार कसं? आज खग्रासच्या ८२ मिनिटांत दिसलं. पुढेमागे कुणी विचारलं, की खग्रासमध्ये काय बघायचं, तर मी सांगेन, चंद्र पाच मिनिटं बघा आणि मग मान फिरवा.

याला ताईचा विरोध आहे. तिच्याकडे आभाळ गच्च भरलेलं होतं, म्हणून ती फोनवर थेट प्रक्षेपण बघत होती आणि मला मेसेज करत होती. तिच्या पडद्यावरचा चंद्र माझ्यापेक्षा कितीतरी मोठा, विवरांसकट, आणि रंगही फोटोतला. "तुला असा दिसतोय का?" नव्हता दिसत. पण तिच्या चौकटीत चंद्राबाहेर फक्त काळं होतं.

चंद्र किती अंधारला ते मोजायची एक जुनी युक्ती आहे, ती करून पाहिली. बायनॉक्युलर उलटी धरायची, मोठ्या भिंगाकडून एका डोळ्याने चंद्र बघायचा. तो आकसून ठिपका होतो. दुसऱ्या उघड्या डोळ्याने तारा बघायचा आणि दोघांची तुलना करायची. माझी बायनॉक्युलर दहापट मोठं दाखवणारी आहे. उलटी धरली की उजेड सुमारे शंभरपटीने घटतो, म्हणजे पाच प्रती (प्रत म्हणजे तेजाची पायरी; आकडा जितका लहान तितकं तेज जास्त). ऐकायला सोपं आहे. हात थरथरतो, ठिपका सुटतो, डोळ्यात पाणी येतं, आणि आई विचारते की उलटी का धरली आहेस. ग्रहणाच्या मध्याच्या सुमारास, ११:४०ला, तो ठिपका मला चौकोनातल्या ताऱ्यांएवढा वाटला. ते अडीच प्रतीच्या आसपासचे. म्हणजे चंद्र उणे अडीच. एरवी पूर्ण चंद्र असतो उणे १२.७. दहा प्रतींचा फरक, म्हणजे तासा-दोन तासांत उजेड दहा हजारपट कमी. तारे का निघाले ते वहीवर आलं.

रंगाला आंद्रे दांजाँ या फ्रेंच खगोलज्ञाच्या मापपट्टीत मी दोन दिले. शून्य म्हणजे चंद्र जवळजवळ गायब, चार म्हणजे उजळ नारिंगी. ही पट्टी शंभर वर्षांपूर्वीची आहे आणि पूर्णपणे बघणाऱ्याच्या डोळ्यांवर चालते, तरी तिचा उपयोग होतो. चंद्राच्या रंगावरून आपल्या हवेत वर किती धूळ आहे ते कळतं. फिलिपिन्समधला पिनाटुबो ज्वालामुखी १९९१मध्ये फुटला आणि डिसेंबर १९९२च्या ग्रहणात चंद्र सापडायला अवघड गेला, इतका काळा पडला होता. आईने तीन दिले असते. तिच्या मते मी कंजूष आहे.

बाराच्या आधी ढगांचा एक पट्टा आला आणि बराच वेळ ठाण मांडून बसला. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, शिव्या सोडून.

उन्मीलन मात्र ढगाबाहेर मिळालं. १२:२३ला डाव्या खालच्या कडेला उजेडाचं एक टोक फुटलं आणि ते डोळ्यांना चक्क टोचलं. तासभर काळोखाला सरावलेले डोळे. मग फोमलहॉट राहिला, शनी राहिला, चौकोनातला एकेक तारा मात्र शोधावा लागायला लागला. पाऊण वाजेपर्यंत चौकोन आहे हे माहीत होतं म्हणूनच दिसत होता. गच्चीवर पुन्हा खुर्चीची सावली पडली. आई खाली झोपायला गेली. मी मोक्षापर्यंत थांबले, पण ते निव्वळ वहीत वेळ लिहायला.

पुढच्या वर्षी ३ मार्चला आणखी एक खग्रास आहे, पण भारताच्या बहुतेक भागांत चंद्र उगवेपर्यंत त्याची खग्रास अवस्था उरकलेली असेल. इथून सगळंच्या सगळं बघायला मिळेल ते थेट ३१ डिसेंबर २०२८ला, तेही रात्री दहाच्या आसपास, म्हणजे जागरणसुद्धा नाही. अडचण एवढीच की त्या रात्री गच्ची रिकामी मिळणार नाही आणि दिवे कुणी बंद करू देणार नाही. तोवर बायनॉक्युलरला एक तिपाई घ्यायची आहे. उलटी धरून मोजणं हाताने जमत नाही, अर्ध्या प्रतीची चूक तिथेच होते.